गिरणगावातील सेवा आणि पगाराची तारीख

दारिद्र्याने गांजलेल्या माणसास आधी हात द्यावा, की त्याच्या दारिद्र्याचे कारण आधी दूर करावे, हा वाद नवा नाही. ज्ञातिसंस्थांच्या वार्षिक सभांत तो नेमाने निघतो. एक पक्ष म्हणतो, विद्यार्थ्यांची फी भरा, निराधार भगिनींना मासिक साहाय्य द्या, आजाऱ्याच्या औषधाची सोय करा. दुसरा पक्ष म्हणतो, अशाने याचक वाढतात. पतपेढी काढा, धंद्यास भांडवल द्या, नोकरीच्या अटी सुधारून घ्या, म्हणजे साहाय्य मागण्याची वेळच येणार नाही. उभय पक्षांची भाषणे होतात, टाळ्याही पडतात, आणि अखेरीस मागील वर्षाचेच अंदाजपत्रक किरकोळ फेरफारांसह मंजूर होते.

केवळ तर्काने या वादाचा निकाल लागणे कठीण आहे. इतिहासाने मात्र थोडाफार प्रकाश पडू शकेल, आणि त्यासाठी फार दूर जाण्याचेही कारण नाही. परळ, लालबाग, शिवडी, डिलाइल रोड, वरळी या ज्या पट्ट्यास आपण गिरणगाव म्हणतो, आणि जेथे आपल्या घरोघरच्या आज्या-पणज्यांच्या पिढीतील कोणी ना कोणी कोकणातून वा घाटावरून पोट भरण्यासाठी आले होते, तेथे सेवा आणि अर्थसुधारणा या दोन्ही मार्गांची कसोटी सुमारे पन्नास वर्षे एकाच माणसांच्या संसारावर लागत होती. प्रस्तुत लेखात त्या कसोटीचा एक धागा हाती धरला आहे. तो धागा म्हणजे गिरणी कामगाराच्या पगाराची तारीख.

ही तारीख प्रथम सार्वजनिक प्रश्न म्हणून मांडली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक परंपरेतील आणि 'दीनबंधू' पत्राचे संपादक असलेल्या लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातील मागण्या आज वाचताना त्यांच्या साधेपणाचेच आश्चर्य वाटते. रविवारी सुटी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास संपावे. कामावर जायबंदी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार मिळावा. आणि मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा. रविवारची सुटी पुढे सहा वर्षांनी, १० जून १८९० रोजी, गिरणीमालकांच्या संघाने मान्य केली, आणि लोखंड्यांचे नाव आज बहुतेकांना त्या सुटीमुळेच ठाऊक आहे. पगाराची पंधरा तारीख मात्र तशीच राहिली. १८९७ च्या प्लेगात लोखंडे निवर्तले, तेव्हाही तिचा निर्णय लागला नव्हता.

यानंतर जवळजवळ चौदा वर्षांनी गिरणगावात सेवेचा नवा अध्याय सुरू झाला. कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावी १८७९ मध्ये जन्मलेले नारायण मल्हार जोशी हे काही वर्षे शिक्षकी करून १९०९ मध्ये नामदार गोखल्यांच्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीत दाखल झाले. १९११ च्या मार्च महिन्यात मुंबईस सोशल सर्व्हिस लीगची स्थापना झाली. सर नारायण चंदावरकर तिचे अध्यक्ष होते. प्रत्यक्ष कामाचा भार जोशी यांच्या खांद्यावर होता. रात्रीच्या शाळा, मोफत वाचनालये, पेटीतून चाळीचाळीत फिरणारी पुस्तके, दवाखाने, कायद्याचा सल्ला, मुलांसाठी खेळ आणि मोकळ्या हवेतील सहली, अशी लीगच्या कार्याची व्याप्ती होती. परळचे दामोदर नाट्यगृह याच लीगचे, हे नाटकांच्या शौकिनांपैकी किती जणांस ठाऊक असेल कोण जाणे! कामगार रंगभूमीचा तो एक आधारस्तंभच झाला.

या सेवेचे मोल कमी लेखण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. १९११ च्या कारखाना कायद्याने कापडगिरणीतील प्रौढ पुरुषाच्या कामाची मर्यादा बारा तास ठरविली होती. बारा तास यंत्रापुढे उभा राहून आलेला माणूस रात्री कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवीत बसतो, यात शिकविणाऱ्याची जेवढी तपश्चर्या आहे, त्याहून अधिक शिकणाऱ्याची आहे. अशा शाळांतून पुढे गावाकडची पत्रे स्वतः वाचणारे, पोस्टाच्या मनिऑर्डरीवर अंगठ्याऐवजी सही करणारे लोक तयार झाले. ज्यांच्या घरात ही पहिली सही झाली, त्यांनाच तिची किंमत कळेल.

परंतु याच सही करणाऱ्या माणसाच्या संसाराचा हिशेब मांडला की चित्र पालटते. सुदैवाने तो हिशेब मांडला गेला आहे. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये शहरातील सुमारे अडीच हजार कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. फिंडले शिरास यांनी तिचा वृत्तान्त १९२३ मध्ये प्रसिद्ध केला. शेकडा सत्त्याण्णव कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. शेकडा सत्तेचाळीस कुटुंबे कर्जबाजारी होती, आणि कर्जाची रक्कम साधारणतः अडीच महिन्यांच्या कमाईइतकी होती. व्याजाचा रूढ दर रुपयास दरमहा एक आणा, म्हणजे वर्षास शेकडा पंचाहत्तर!

हा दर वाचून पुढे जाऊ नये. कागद-पेन्सिल घेऊन बसावे. मुलाच्या आजारासाठी वा बहिणीच्या लग्नासाठी कोणी पन्नास रुपये काढले, तर त्याचे महिन्याचे व्याज पन्नास आणे, म्हणजे तीन रुपये दोन आणे झाले. वर्षाचे साडेसदतीस रुपये झाले, आणि मुद्दल जसेच्या तसे उभे. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर पठाण काठी घेऊन उभा असे, ही गोष्ट गिरणगावच्या जुन्या माणसांच्या तोंडून अनेकांनी ऐकली असेल. आता लीगच्या दवाखान्याने या घरास वर्षभरात औषधाचे पाच-सात रुपये वाचविले असे धरले, तरी ते पठाणाच्या दोन महिन्यांच्या व्याजातच गेले. सेवेने एका हाताने दिले ते सावकाराने दुसऱ्या दाराने नेले. रांजणास तळाशी भोक असले की पाणी ओतणारा कितीही प्रामाणिक असो, त्याचे हात भरून येतात आणि रांजण रिकामाच राहतो.

हे भोक पडले कोठे? कामगार उधळ्या, व्यसनी, लग्नकार्यात ऐपतीबाहेर खर्च करणारा, असे उत्तर त्या काळी सर्रास दिले जाई. आजही काही सुखवस्तू घरांत ते ऐकू येते. त्यात काहीच तथ्य नव्हते असे नव्हे. पण मूळ अडचण अधिक साधी होती. मुंबईच्या गिरण्यांत पगार महिन्याने मिळे, आणि तोही महिना संपल्यावर दहा-पंधरा दिवसांनी. गावाहून नव्याने आलेला गडी एक तारखेस कामावर लागला, तर त्याच्या हाती पहिला पैसा पडण्यास सहा आठवडे उलटत. या सहा आठवड्यांत त्याने खावे काय? खानावळवालीचे उधार, वाण्याचे उधार, आणि खोलीचे भाडे थकले की पठाणाचे कर्ज. म्हणजे संसाराची सुरुवातच ऋणाने होई. दुसऱ्या बाजूने पाहिले तर असे दिसते की, सहा आठवड्यांचे श्रम कामगार मालकास बिनव्याजी उसने देत होता, आणि तेवढ्याच काळासाठी स्वतः मात्र शेकडा पंचाहत्तरने उसने आणीत होता. गावी शेताचा तुकडा गहाण, येथे पगार गहाण. लोखंड्यांनी १८८४ मध्ये पगाराच्या तारखेचा आग्रह का धरला होता, हे येथे ध्यानात येते.

सेवाभावी मंडळींना हे दिसले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. किंबहुना ते प्रथम त्यांनाच दिसले. १९०४ च्या सहकारी पतपेढ्यांच्या कायद्याचा आधार घेऊन सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचे गोपाळ कृष्ण देवधर यांनी मुंबईतील झाडूवाल्यांच्या आणि गिरणी कामगारांच्या ऋणमुक्तीसाठी सहकारी संस्था काढल्या. सावकाराचे कर्ज एकरकमी फेडून टाकावे आणि सभासदाने ते पतपेढीस अल्प व्याजाने हप्त्याहप्त्याने परत करावे, अशी ही योजना होती. योजना उत्तम, पण पगार वेळेवर आला तरच हप्ता वेळेवर जाणार! ज्याचे काम कायम आहे त्याच्याकडून वसुली होते. परंतु गिरणीत 'बदली' म्हणून रोज सकाळी फाटकाशी उभे राहून जॉबरच्या कृपेची वाट पाहणाऱ्या माणसाने हप्त्याची हमी कोणत्या तोंडाने द्यावी? पतपेढी ही ठरावीक पगाराच्या जमिनीवर उगवणारी वेल आहे. जमीनच भुसभुशीत असेल तर वेलीस दोष देण्यात अर्थ नाही.

(येथे एक गोष्ट नोंदवून ठेवणे इष्ट वाटते. कोकणातील गावोगावच्या मंडळींनी गिरणगावात ज्या सामाईक खोल्या घेतल्या होत्या, तेथे नोकरी गेलेल्या गावकऱ्यासही पथारी टाकण्यास जागा मिळे. तिला सेवा म्हणावे की अर्थव्यवस्था, हे त्या खोल्यांतील कोणासही सुचले नसते. शिकलेल्यांच्या संस्थांनी या साध्या व्यवस्थेचा अभ्यास फारसा केला नाही.)

ना. म. जोशी यांच्या आयुष्यास १९१९ च्या सुमारास जे वळण लागले, ते या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. त्या वर्षी वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली, आणि हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशी तेथे गेले. ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईस लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. तिच्या संस्थापकांत जोशी अग्रभागी होते, आणि १९२५ पासून ते तिचे सरचिटणीस झाले. १९२१ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांच्या वतीने त्यांची नेमणूक झाली आणि १९४७ पर्यंत ते तेथे राहिले. मद्रासेत बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या तंट्यात कामगार संघाच्या पुढाऱ्यांवर मनाई हुकूम निघाला होता. अशा संघांना कायद्याचे संरक्षण असावे असा ठराव जोशी यांनी १९२१ मध्येच मांडला. त्याचे फळ पाच वर्षांनी, १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याच्या रूपाने मिळाले. मध्यंतरी १९२२ मध्ये कामाचा आठवडा साठ तासांचा ठरला, १९२३ मध्ये अपघाताच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला. रात्रीच्या शाळेत येणाऱ्याच्या डोळ्यांवरची झोप थोडी कमी झाली असेल, तर ती या साठ तासांमुळे.

शाळामास्तर, मग समाजसेवक, मग कामगार संघाचा चिटणीस. असे हे वळण दिसते. पण जोशी यांनी लीग सोडली नाही. दवाखाना आणि वाचनालय चालूच ठेवून त्यांनी पगाराचा प्रश्न हाती घेतला. दोन्ही बाजूंनी त्यांना टीका सोसावी लागली. मालकांना ते आगलावे वाटत; कम्युनिस्ट पुढाऱ्यांना ते मवाळ आणि सरकारधार्जिणे वाटत. १९२९ च्या नागपूर अधिवेशनात ट्रेड युनियन काँग्रेस फुटली तेव्हा जोशी यांनी वेगळी संघटना काढली, हे खरे; पण त्याच्याच आदल्या वर्षी, १९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपात, ते आणि डांगे एकाच संयुक्त समितीत होते, हेही खरे.

१९२९ मध्ये नेमलेल्या कामगारविषयक रॉयल कमिशनवर जोशी यांची सभासद म्हणून निवड झाली. कमिशनचा १९३१ चा अहवाल सांगतो की, बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन-तृतीयांश कामगार ऋणग्रस्त आहेत, आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे. म्हणजे दवाखाने, शाळा आणि वाचनालये चालू असताना, दहा वर्षांत ऋणाचा डोंगर कमी झाल्याचे काही चिन्ह नव्हते. या अहवालानंतर १९३६ मध्ये वेतन देण्यासंबंधीचा कायदा मंजूर झाला. एक हजारांहून कमी कामगारांच्या कारखान्यात महिना संपल्यापासून सात दिवसांत, आणि त्याहून मोठ्या कारखान्यात दहा दिवसांत पगार दिलाच पाहिजे, असे बंधन आले. दंडाची मर्यादा रुपयास अर्धा आणा ठरली. लोखंड्यांनी पंधरा तारीख मागितली होती; बावन्न वर्षांनी दहा तारीख मिळाली. पाच दिवसांचा नफा झाला असे कोणी थट्टेने म्हणेल. पण रुपयास आण्याच्या दराने उसने आणणाऱ्या घरात पाच दिवसांस किंमत असते, आणि ठरलेल्या तारखेस तर त्याहून अधिक असते. कारण त्या तारखेवर वाणी आणि खानावळवाली विश्वास ठेवू शकते.

येथपर्यंत वाचून अर्थसुधारणेचे पक्षपाती प्रसन्न होतील. त्यांच्यासमोर दोन गोष्टी ठेवणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट बाळंतपणाची. १९२१ मध्ये मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेंहून अधिक अर्भके वर्षाच्या आत दगावली. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हा आकडा आठशेंच्या पुढे होता. पुष्कळ बायका बाळंतपणास गावी जात, त्यामुळे जन्मांची नोंद तेथे आणि मृत्यूची नोंद येथे होई, हे जमेस धरले तरी अंगावर काटा येतो. गिरणीत जाणाऱ्या आया तान्ह्या मुलास अफूची बाळगोळी देऊन निजवून जात; त्या काळच्या एका पाहणीत अशा मुलांचे प्रमाण शेकडा अठ्ठ्याण्णव आढळले. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक मांडले, ते फेटाळले गेले. पुढे मुंबई कायदेमंडळात आसवले यांनी तसेच विधेयक आणले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यास जोरदार पाठिंबा दिला, आणि १९२९ मध्ये मुंबईचा कायदा झाला. मुंबई शहरात दिवसास आठ आणे साहाय्य ठरले. कायदा निःसंशय चांगला. तथापि पुढील दशकांत गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटतच गेले. रात्रपाळीची बंदी, यंत्रांची नवी मांडणी, आणि स्त्री कामगार ठेवली की खर्च वाढतो हा मालकांचा हिशेब, अशी त्याची अनेक कारणे होती. कायद्याने आठ आणे दिले, आणि काही घरांतून अख्खा पगार गेला. तेव्हा त्या घरास पुन्हा पाळणाघर, शिवणवर्ग, दवाखाना यांचीच गरज लागली. सुधारणेने ज्यांस मागे टाकले त्यांच्याकडे कोण पाहणार, हा प्रश्न सुधारणेच्या कैवाऱ्यांनी फारसा विचारात घेतलेला दिसत नाही.

दुसरी गोष्ट ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत लिहिण्यास थोडी अवघड आहे. पण गाळली तर इतिहास खोटा होईल. गिरणीत विणकाम खात्याचा पगार चांगला असे. त्या खात्यात अस्पृश्य मानलेल्या कामगारांस प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. ते उष्टे होते, म्हणून स्पृश्य विणकर त्यांना जवळ उभे राहू देत नसत. मालकाने ही बंदी घातली नव्हती, कायद्यानेही नव्हती. ती आमच्या-तुमच्यासारख्यांच्या वाडवडिलांनी, स्वतःही गरीब असलेल्या माणसांनी घातली होती. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. पगारवाढीचा लढा जिंकला असता, तरी ती वाढ या दारापाशी येऊन थांबली असती. रात्रीच्या शाळेने हे दार उघडले नाही, पगाराच्या कायद्यानेही उघडले नाही. जातीच्या नावाने संघटित होऊन आपण जेव्हा गरिबांच्या साहाय्याची भाषा बोलतो, तेव्हा ही आठवण जवळ असणे बरे.

मग निर्णय काय? प्रस्तुत लेखकाचे मत असे की, गिरणगावात ज्या प्रमाणात ऋणाचा फास सैल झाला, तो पगार, तास आणि तारीख यांच्या बांधणीने झाला. केवळ सेवेने तो झाला नसता. पण त्या बांधणीचा आराखडा ज्यांच्याजवळ होता, ते चाळीची जिने चढून आलेले होते. पंचाहत्तर टक्क्यांचा आकडा कायदेमंडळात उच्चारण्यापूर्वी कोणीतरी खोलीत बसून तो ऐकला होता. आणि कायदा झाल्यावरही अपघाताच्या भरपाईचा अर्ज लिहिणे, दंड जास्त कापला म्हणून तक्रार करणे, ही कामे सही शिकलेल्या माणसाकडूनच होतात. ज्या संस्था केवळ औषध वाटून थांबल्या त्यांनी रोगाचे निदान हाती असून ते वाया घालविले, एवढाच दोष त्यांस देता येईल.

पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. दवाखाना आता दानाचा न राहता पगारातून भरलेल्या वर्गणीचा झाला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर मात्र गिरण्याच एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि जेथे पगारच उरला नाही तेथे पगाराची तारीखही उरली नाही.

त्यापूर्वी काही वर्षे गिरणगावात एक घटना घडली होती, तिचा उल्लेख करून हा लेख पुरा करतो. कामगारांच्या जेवणाच्या खानावळी चालविणाऱ्या बायका वाण्याकडून उधारीने माल घेत. कामगाराचा पगार झाला की त्यांचे पैसे येत. संप झाला की येत नसत, आणि व्याज मात्र चढत राही. त्यांच्या अंगावरचा शेवटचा दागिना सावकाराकडे जाई. या बायका कोणत्याच कामगार कायद्यात बसत नव्हत्या. त्यांना पगार देणारा मालकच नव्हता. कामगार चळवळीत वाढलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज त्यांना मिळवून दिले. जोशी सेवेतून कामगार संघाकडे गेले होते. प्रेमाताई कामगार संघाकडून स्वयंपाकघराकडे आल्या. बँकेच्या कर्जाच्या कागदावर त्यांतील कित्येकींनी प्रथमच स्वतःच्या नावाने सही वा अंगठा केला.